एक सामना की अख्खा सीझन?

या आठवड्याचं पत्र कोथरूडहून आलं आहे. नाव-गाव छापू नका असं पत्रात म्हटलं आहे, म्हणून ओळख पटेल असं सगळं गाळून थोडक्यात देते.

«माझा मुलगा वीस वर्षांचा आहे. अमेरिकेत एका विद्यापीठाच्या टेनिस संघातून खेळतो, अर्धी शिष्यवृत्ती आहे. तीन आठवड्यांपूर्वी शनिवारी रात्री एका पार्टीहून मित्रांना सोडायला निघाला आणि पोलिसांनी थांबवलं. मशीनमध्ये फुंकल्यावर रक्तातल्या दारूचं प्रमाण ०.०५ आलं. तिथली मर्यादा ०.०८ आहे, तरी बेड्या घातल्या, कारण एकवीस पूर्ण व्हायला चार महिने कमी! फोटो तिथल्या पेपरात आला. कोर्टात अजून काहीच झालेलं नाही, पण कोचने त्याला संघाबाहेर बसवलं, किती दिवस ते सांगत नाही. गेल्या वर्षी त्याच विद्यापीठातल्या एका फुटबॉलपटूचं ०.०८ च्या वर आलं होतं, त्याला फक्त एक सामना बाहेर बसवलं. हा न्याय झाला का? यजमान म्हणतात, चांगला वकील देऊन विद्यापीठाशी भांडू. तिथला वकील म्हणतो, रेकलेस ड्रायव्हिंग कबूल करा, प्रकरण मिटेल. आणि पुढे व्हिसाच्या वेळी हे सांगायची गरज नाही ना? कल्याणीनगरच्या अपघातानंतर आम्ही दोघं मेणबत्त्या घेऊन उभे होतो हो. आणि आता आमच्याच घरात हे. तो गुन्हेगार नाही. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.»

ताई,

शेवटची चार वाक्यं तुम्ही लिहिली नसती तर या पत्राचं उत्तर सोपं होतं. व्हिसा, वकील, परवाना एवढं सांगून मोकळी झाले असते. पण मेणबत्तीची आठवण तुम्हीच काढलीत, तेव्हा तिच्याकडे मी येणारच. आधी ०.०५ चं बघू.

अमेरिकेत ०.०८ ही मर्यादा एकवीस पूर्ण झालेल्यांसाठी आहे. एकवीसच्या आतल्यांसाठी वेगळा कायदा आहे, त्याला तिथे ‘झीरो टॉलरन्स’ म्हणतात. १९९५ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना सांगितलं की या वयाच्या चालकांसाठी मर्यादा ०.०२ किंवा त्याहून कमी ठेवा, नाहीतर महामार्गांच्या निधीला कात्री लागेल. १९९८ पर्यंत सगळ्या राज्यांनी तसा कायदा केला. काही राज्यांत यावर फक्त परवाना जातो, काही ठिकाणी तो फौजदारी गुन्हा होतो. म्हणजे तुमच्या मुलाचं ०.०५ हे त्याच्या मर्यादेच्या निदान अडीचपट आहे. ‘मर्यादेच्या आत होता’ हे वाक्य त्याने कोचसमोर, वकिलासमोर आणि आरशासमोरही म्हणू नये.

चार महिन्यांनी पकडला असता तर सुटला असता, हे तुमचं दुःख मला कळतं. बहुतेक राज्यांत कदाचित सुटलाही असता. युटामध्ये नाही, तिथे २०१८ च्या डिसेंबरअखेरीपासून मोठ्यांसाठीही मर्यादा ०.०५ च आहे. आणि पुण्यात? आपल्या मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ शंभर मिलीलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम अल्कोहोल धरतं, तिकडच्या भाषेत ०.०३. तुमच्या मुलाचं पन्नास भरलं. म्हातोबा टेकडीपासून डेक्कनपर्यंत कुठेही नाकाबंदीत सापडला असता तर ड्रंक अँड ड्राइव्हची केस झालीच असती: पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. वयाचं तर बोलायलाच नको, महाराष्ट्रात कडक दारू पंचविसाच्या आत प्यायचीच नाही असा नियम आहे. (तो कोण पाळतं, हा वेगळ्या सदराचा विषय.) तेव्हा अमेरिकन कायदा आपल्या मुलावर डूख धरून बसला होता अशातला भाग नाही.

वीस आणि एकवीसमध्ये एवढा फरक का, याला एक हिशेबी उत्तर आहे आणि एक जुनं दुःख आहे. हिशेब असा की रक्तात तेवढीच दारू असताना नवख्या चालकाला अपघाताचा धोका मुरलेल्या चालकापेक्षा जास्त असतो. हात बसलेला नसतो आणि त्यात डोकं सैल झालेलं असतं. दुःख असं: १९८० साली कॅलिफोर्नियात तेरा वर्षांची एक मुलगी रस्त्याच्या कडेने चालली होती, दारू प्यायलेल्या माणसाने तिला उडवलं. तो त्याआधीही याच कारणाने पकडला गेलेला होता. तिच्या आईने, कँडी लाइटनर यांनी, त्याच वर्षी ‘मदर्स अगेन्स्ट ड्रंक ड्रायव्हिंग’ ही संघटना काढली. तोवर तिकडे दारू पिऊन गाडी चालवणं हे साधारण आपल्याकडे अजूनही समजतात तसंच समजलं जायचं, ‘झालं असेल थोडं जास्त, घरी तर पोचला’. प्यायचं वय राज्याराज्यांत वेगळं होतं. पोरं शेजारच्या राज्यात जाऊन पीत आणि परतीच्या रस्त्यावर मरत. १९८४ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सही केलेल्या कायद्याने देशभर एकवीस आणलं, त्यामागे या आयांचा रेटा होता. तुम्हाला जो कायदा जाचक वाटतोय तो आयांनीच मागून घेतलेला आहे.

आता कोचचं. कोर्टाचा निकाल लागेपर्यंत माणूस निर्दोष, हे तत्त्व सरकारने शिक्षा देण्यासंबंधी आहे. संघात खेळणं हा हक्क नाही. एनसीएए, म्हणजे तिथल्या महाविद्यालयीन खेळांची मोठी संस्था, उत्तेजक द्रव्यं आणि पात्रतेचे नियम बघते. दारू पिऊन गाडी चालवली तर किती सामने, हे ती ठरवत नाही. ते विद्यापीठ, क्रीडा विभाग आणि कोच ठरवतात. तुमच्या मुलाने पहिल्या वर्षी आचारसंहितेच्या कागदावर सही केली असणार. सगळी मुलं करतात, वाचत कुणी नाही. तो कागद आधी शोधा.

फुटबॉलच्या मुलाला एक सामना आणि तुमच्या मुलाला बेमुदत, हा अन्याय आहे का? आहे. इथे मी तुमच्या बाजूची आहे. पण तुम्ही तराजूचं चुकीचं पारडं धरून बसला आहात.

हे प्रकरण तिकडे नवं नाही. जॉर्जिया विद्यापीठाचं उदाहरण घ्या. जानेवारी २०२३ मध्ये त्यांच्या (अमेरिकन) फुटबॉल संघाने राष्ट्रीय विजेतेपद साजरं केलं आणि त्याच रात्री उशिरा अथेन्स गावात संघाचा एक खेळाडू, डेव्हिन विलॉक, आणि संघाची एक तरुण कर्मचारी असे दोघे गाडीच्या अपघातात गेले. गाडी ती कर्मचारी चालवत होती, रक्तात ०.१९७, वेग ताशी एकशे साठ किलोमीटरच्या वर, दुसऱ्या एका खेळाडूच्या गाडीशी शर्यत लागलेली. एवढं झाल्यावर त्या गावात कुणी प्यायल्यावर चावीला हात लावणार नाही असं तुम्हा-आम्हाला वाटेल. चौदा महिन्यांनी, मार्च २०२४ मध्ये, त्याच संघाच्या एका नावाजलेल्या रनिंग बॅकला, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूला, डीयूआयखाली, म्हणजे नशेत गाडी चालवल्याबद्दल, अटक झाली. पुढे तडजोडीत तो आरोप मागे घेतला गेला. ऑगस्टअखेरीच्या पहिल्या सामन्याला त्याला बसवलं, पुढच्या सामन्याला तो परत मैदानात. आणि त्या पहिल्या सामन्यात जॉर्जियाने क्लेमसनला चौतीस-तीनने लोळवलं. त्याच्यावाचून कुणाचं अडलं नाही, मग शिक्षा नक्की कुणाला झाली?

तेव्हा तुमच्या मुलाला जास्त मिळालं म्हणून नव्हे, त्या मुलांना कमी मिळतं म्हणून मला राग येतो. फुटबॉलच्या स्टेडियममध्ये ऐंशी-नव्वद हजार लोक तिकीट काढून बसतात. पुरुषांच्या टेनिस संघाला आत्ताआत्तापर्यंत सगळ्या मिळून साडेचार शिष्यवृत्त्या असायच्या आणि त्या आठ-नऊ पोरांत वाटल्या जायच्या. फुटबॉलला पंच्याऐंशी आणि त्याही पूर्ण. टेनिसच्या सहाव्या नंबरच्या खेळाडूला बसवून कोचला शिस्तप्रिय म्हणवून घेता येतं, आणि त्यासाठी खर्च शून्य. तुमच्या मुलाला हे कळलं असेल, म्हणूनच तो चिडला असेल. त्याचं चिडणं मला मान्य आहे. पण ‘त्याला एक, तर मलाही एक’ अशी मागणी करणं म्हणजे चुकीच्या भावालाच बाजारभाव ठरवणं झालं.

त्याने मागावं ते दुसरंच. नियम लेखी आहे का? पहिल्या वेळी किती सामने, दुसऱ्या वेळी किती, हे आधीपासून ठरलेलं आहे का, आणि ते सगळ्या खेळांना सारखं आहे का? बेमुदत म्हणजे कधीपर्यंत, कुठली अट पूर्ण केली की परत? हे प्रश्न तो कोचला नम्रपणे, ईमेलवर, विचारू शकतो. ‘अमक्याला का सोडलं’ हे वाक्य त्या ईमेलमध्ये येऊ देऊ नका.

भांडायचंच असेल तर शिष्यवृत्तीसाठी भांडा, तेही वेळ आली तर. एनसीएएच्या नियमाप्रमाणे गंभीर गैरवर्तनासाठी क्रीडा शिष्यवृत्ती काढता येते, पण ते गैरवर्तन आहे हे एकट्या कोचने ठरवून चालत नाही. विद्यापीठाची नेहमीची शिस्त समिती ते ठरवते, आणि शिष्यवृत्ती कमी केली किंवा काढली तर खेळाडूला सुनावणी मागायचा अधिकार असतो. तसं पत्र आलं तर त्यातली मुदत त्याच दिवशी कॅलेंडरवर लिहा. तोवर यजमानांना म्हणावं, कोट घालून विद्यापीठावर चालून जायची घाई नको. सामन्यातून बसवणं आणि शिष्यवृत्ती काढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्हींवर एकदम दगड मारलात तर एकही पडणार नाही.

वकिलाकडे येऊ. इथे मात्र मी तुम्हाला थांबवते. ‘कबूल करा, मिटेल’ या वाक्यावर सही करू देऊ नका, जोपर्यंत इमिग्रेशनचा वेगळा वकील ते कागद वाचत नाही. तुमचा मुलगा एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आहे असं मी धरून चालते. २०१० च्या पदिया विरुद्ध केंटकी या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की परदेशी अशिलाला गुन्हा कबूल करण्याआधी त्याचे हद्दपारीसंबंधीचे परिणाम सांगणं हे फौजदारी वकिलाचं कर्तव्य आहे. चांगला वकील स्वतःहून सांगतो. तुमच्याने व्हिसा हा शब्द उच्चारल्याचं पत्रात तरी दिसत नाही.

एकदाच, कुणाला इजा न होता झालेल्या अशा केसवरून सहसा कुणाला देशाबाहेर काढत नाहीत. पण व्हिसा रद्द होऊ शकतो, आणि त्याला शिक्षा व्हावी लागत नाही, नुसती अटक पुरते. २०१५ पासून तिकडच्या परराष्ट्र खात्याचं हेच धोरण आहे. पुष्कळदा मुलाला एक ईमेल येतो, तुझा व्हिसा रद्द झाला आहे. याचा अर्थ त्याचं तिथलं शिक्षण त्या क्षणी थांबलं असा नाही. तो वर्गात जाऊ शकतो. पण दिवाळीला घरी आला तर परत जाताना नवा व्हिसा, मुंबईच्या वकिलातीत मुलाखत, आणि बहुधा दारूच्या सवयीबद्दल डॉक्टरांची तपासणी. म्हणून त्याची तिकिटं आत्ता काढू नका. त्याने विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात जाऊन झालेलं सांगावं. २०२५ च्या वसंतात तिकडे किरकोळ पोलीस नोंदींवरूनही अनेकांच्या परदेशी विद्यार्थी म्हणून असलेल्या सरकारी नोंदी रद्द केल्या गेल्या, मग कोर्टात धावाधाव झाली आणि त्या पूर्ववत झाल्या. ज्यांच्या कार्यालयाला आधीपासून माहीत होतं त्यांची धावपळ थोडी तरी कमी झाली असेल.

आणि लपवायचं? नाही. व्हिसाच्या अर्जात सरळ प्रश्न आहे, तुम्हाला कधी कुठल्याही गुन्ह्यासाठी अटक झाली किंवा शिक्षा झाली आहे का, नंतर माफी मिळाली असली तरी. तिथे ‘नाही’ लिहिलं तर दारूचं प्रकरण मागे राहतं आणि खोटं बोलण्याचं पुढे येतं. ते आयुष्यभर दार बंद करू शकतं. बोटांचे ठसे त्यांच्या संगणकात आहेत, ताई.

आणखी एक घाईचं काम. परवान्याचं प्रकरण कोर्टापासून वेगळं, वाहन खात्याकडे चालतं, आणि त्यात सुनावणी मागायची मुदत लहान असते: कॅलिफोर्नियात दहा दिवस, टेक्सासमध्ये पंधरा, जॉर्जियात तीस. तीन आठवडे झाले म्हणता. आजच विचारा.

आता ‘कुणाला खरचटलंसुद्धा नाही’.

इलिनॉय विद्यापीठात जॉश ब्रेंट नावाचा फुटबॉलपटू होता. २००९ मध्ये, कॉलेजात असतानाच, तो दारू पिऊन गाडी चालवताना पकडला गेला. कुणाला खरचटलं नव्हतं. गुन्हा कबूल केला, थोडे दिवस तुरुंगात काढले, प्रोबेशन मिळालं, समाजसेवा केली. मग डॅलस काउबॉइज या मोठ्या व्यावसायिक संघात गेला. तिथे त्याला कॉलेजमधला जुना सहकारी भेटला, जेरी ब्राउन. ८ डिसेंबर २०१२ च्या पहाटे ब्रेंट गाडी चालवत होता, ब्राउन शेजारी बसला होता. रक्तात मर्यादेच्या दुपटीहून जास्त दारू. गाडी उलटली. ब्राउन पंचवीस वर्षांचा होता.

ब्राउनच्या आईने काय केलं माहीत आहे? मुलाच्या शोकसभेला जाताना तिने ब्रेंटला आपल्या कुटुंबासोबत नेलं, आपल्यात बसवलं. खटल्यात त्याच्या बाजूने साक्ष दिली. २०१४ मध्ये त्याला एकशे ऐंशी दिवसांचा तुरुंगवास आणि दहा वर्षांचं प्रोबेशन झालं. वीस वर्षंही होऊ शकली असती. ही शिक्षा पुरेशी होती का यावर तिकडे खूप वाद झाला. मी त्यात पडत नाही. क्षमा करणं हा त्या आईचा अधिकार होता, कायद्याचा नव्हे, आणि माझा तर मुळीच नाही. मला खुपतं ते २००९. तेव्हा त्याच्या भोवतालच्या प्रत्येकाने, कोच, वकील, नातेवाईक, ‘सुटलास बाबा’ म्हणून सुस्कारा सोडला असेल का? मला वाटतं सोडला असेल. आम्हीही सोडला होता, माझ्या मामेभावाच्या वेळी, सोलापूर रस्त्यावर, तो स्कूटरसकट उसात गेला तेव्हा. पुढे कितीतरी लग्नांत तो किस्सा आम्ही हसत सांगितला. तो स्वतः सर्वांत मोठ्याने हसायचा, आणि पीतच राहिला.

कल्याणीनगर. १९ मे २०२४ च्या पहाटे दोन तरुण इंजिनिअर गेले, आणि सतरा वर्षांच्या मुलाला त्याच दिवशी जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला गेला. तुम्ही मेणबत्ती घेऊन उभ्या राहिलात ते निबंधामुळे. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप झाला, ससूनच्या डॉक्टरांना अटक झाली, मुलाच्या रक्ताच्या जागी आईचं रक्त दिलं गेलं असं पोलीस म्हणाले. कोर्टात काय ठरायचं ते ठरेल. तुमच्या मुलाचा आणि त्या मुलाचा गुन्हा एका मापाचा नाही, हे मला कळतं. तुम्हालाही कळतं, म्हणून तर ते वाक्य तुम्ही पत्राच्या शेवटी दबकत लिहिलंत. पण त्या रात्री तुम्हाला चीड कशाची आली होती? आई-बाप ओळखी आणि पैसा घेऊन पोराच्या आणि परिणामांच्या मध्ये उभे राहिले, याचीच ना? मग ‘चांगला वकील देऊन विद्यापीठाशी भांडू’ या वाक्याकडे यजमानांना जरा शांतपणे बघू द्या. वकील कोर्टात हवा, व्हिसासाठी हवा, तो त्याचा हक्कच आहे. कोचसमोर मात्र मुलाला एकट्याला जाऊ द्या.

काय बोलायचं ते त्यानेच ठरवावं, पण कोर्टात केस असताना वकिलाला विचारल्याशिवाय घटनेचा तपशील कुठेही लिहू-बोलू नये. ‘संघाला खाली बघायला लावलं, बसवलंत ते मान्य आहे, सरावाला चेंडू गोळा करायला येऊ का’ एवढं बोलायला वकील नको. विद्यापीठात दारूविषयीचा समुपदेशनाचा वर्ग असतो. कोर्टाने सांगायच्या आधी त्याने नाव घालावं. यामुळे न्यायाधीश मऊ होतात असं वकील सांगेल. होत असतील. तरी जाऊ दे.

तुम्ही फोनवर काय बोलायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते. तो पितो हे तुम्हाला या केसमुळे कळलं की आधीपासून माहीत होतं, याचं खरं उत्तर आधी स्वतःला द्या. मग त्याला विचारा, त्या रात्री किती घेतली होती. वीस वर्षांचा मुलगा दोन म्हणेल. दोन बिअरवर, पाच फुट दहा इंचाच्या खेळाडूचं, तासाभराने ०.०५ येणं अवघड आहे, आणि शरीर ताशी साधारण ०.०१५ एवढंच उतरवतं. थांबवण्याआधी ते जास्त असू शकेल. ओरडू नका. आकडा ऐकून घ्या.

आणि एक विचारायचं राहिलं. ‘मित्रांना सोडायला निघाला’ असं तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. गाडीत किती जण होते, कोण होते, शेजारच्या सीटवर कोण होतं, यातलं काहीच पत्रात नाही. ती नावं त्याच्याकडून घ्या. त्यांनाही कुठेतरी आया असतील. त्यांना अजून कुणी काही सांगितलं आहे का, तेही विचारा.